सांधा विकत घ्यायचा की घरीच बनवायचा?

मागच्या अंकात टेबलावर मावणाऱ्या मॉडेल रेल्वेच्या नॅरोगेज (अरुंद रुळाच्या) लेआउटबद्दल लिहिलं, त्यावर आलेली बहुतेक पत्रं फिरून फिरून एकाच जागी येऊन थांबलीत, सांध्यावर. सरळ रूळ मिळतो, हवा तसा वाकणारा फ्लेक्सिबल ट्रॅक मिळतो, इंजिन पण परदेशातून कोणी ना कोणी आणून देतं, पण गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा मिळत नाही आणि मिळालाच तर आपल्या मापाचा नसतो. म्हणून यावेळी सगळी जागा सांध्यालाच दिलीय. इंग्रजीत त्याला पॉइंट म्हणतात, टर्नआउट म्हणतात, पण आपल्याकडे तो बदलणारा माणूस सांधेवाला, तेव्हा मी सांधाच म्हणणार.

प्रश्न : मी मूळचा बार्शीचा, आता पुण्यात असतो. आजोबांच्या तोंडून बार्शी लाइट रेल्वेच्या गोष्टी ऐकत मोठा झालो, एचओ स्केलमध्ये कुर्डुवाडी यार्डाचा छोटा तुकडा करायचाय. नॅरोगेजचे सांधे मागितले की दुकानदार एन गेजचे दाखवतो आणि म्हणतो एकच आहे. खरंच एकच आहे का?

उत्तर : दुकानदार अर्धा बरोबर आहे. गेज (दोन रुळांमधलं अंतर) आणि स्केल (मॉडेल खऱ्याच्या कितवा भाग) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नॅरोगेजमध्ये सगळा घोळ इथेच होतो. बार्शीच्या जुन्या लाइनचा गेज होता अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. एचओ म्हणजे खऱ्याच्या ८७ वा भाग, ७६२ भागिले ८७ केलं की येतात पावणेनऊ मिमी, आणि एन गेजचा रूळ असतो ९ मिमी. म्हणजे नुसतं रुळांमधलं अंतर बघितलं तर तुमचं नशीब चांगलंय, याहून जवळचं माप रेडीमेड मिळणं अवघड. या जोडीला युरोपात एचओई म्हणतात, अमेरिकेत एचओएन-थर्टी, आणि ब्रिटिश लोक याच ९ मिमी रुळावर जरा मोठं, ४ मिमीला एक फूट असं स्केल वापरतात त्याला ओओ-नाइन म्हणतात. ही तिन्ही नावं शोधा, तिन्हींचे सांधे तुमच्या कामाचे. इंग्लंडच्या पीको कंपनीचे ओओ-नाइनचे सांधे डावे-उजवे दोन्ही येतात, टिलिगचे एचओईचे येतात, आणि त्यांचे स्लीपर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्या, नॅरोगेजसारखे दूरदूर असतात.

एन गेजचा सांधा तिथेच मार खातो. तो १६० व्या भागाच्या ब्रॉड किंवा स्टँडर्ड गेजसाठी बनवलेला, त्यामुळे स्लीपर पावणेचार मिमीवर एक असे दाट. अडीच फुटी लाइनवर स्लीपर साधारण दोन फुटांवर धरले तर एचओमध्ये ते ७ मिमीवर पाहिजेत, म्हणजे बरोबर दुपटीच्या आसपास. आता उपाय त्यातच आहे, एक सोडून एक स्लीपर कापून टाका. धारदार कटर घ्या, खालून दोन स्लीपरमधली प्लास्टिकची पट्टी कापा, मग स्लीपर रुळाजवळ दोन्हीकडून कापून अलगद काढा. फक्त सांधा हलवणाऱ्या पट्टीच्या शेजारचे दोन आणि क्रॉसिंगच्या (जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेच्या) खालचे सगळे स्लीपर तसेच ठेवा, ते काढले तर गेज सरकतो आणि मग कशानेच परत येत नाही. राहिलेले दाट स्लीपर मातीत बुडवा. बार्शी लाइनच्या यार्डात खडी कमी आणि माती जास्त दाखवलीत तर कोणाला खटकणार नाही.

दुसरी गोष्ट रुळाची उंची. पाकिटावर कोड ८० लिहिलेलं असेल तर रूळ इंचाच्या ८० हजारांश उंच, म्हणजे २ मिमीच्या किंचित वर. त्याला ८७ ने गुणा, १७७ मिमी होतात, तो तर मेनलाइनचा रूळ झाला! एव्हरार्ड कॅलथ्रॉपने १८९७ मध्ये बार्शीची लाइन सुरू केली तेव्हा त्याचा सगळा हिशोबच हलक्या रुळावर होता, गाडीच्या कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही म्हणजे दर यार्ड (तीन फूट) लांबीला ३० पौंड वजनाचा रूळ पुरतो. असा रूळ जेमतेम ८० मिमी उंच असतो. मॉडेलमध्ये कोड ४० घेतला तर ८८ मिमी होतात, कोड ५५ घेतला तर १२२. माझं मत विचाराल तर कोड ५५ वर थांबा, कोड ४० वर जुन्या गाड्यांच्या चाकांच्या कडा रूळ धरणाऱ्या खिळ्यांवर आपटतात. आणि एक माहीत असू द्या, पीकोचा एन गेजचा कोड ५५ म्हणून जो येतो तो मुळात उंच रूळच आहे, फक्त खालचा भाग स्लीपरमध्ये पुरलेला असतो. दिसायला चांगला आणि मजबूत, पण त्यातून रूळ उपसून घरी सांधा बनवायला घेतलात तर तो परत उंच निघेल.

प्रश्न : नाशिकहून लिहितोय. माझ्याकडे काटो कंपनीचा युनिट्रॅक (खडीच्या पायासकट येणारा ट्रॅक) आहे, त्याच ९ मिमीवर नॅरोगेज करायला घेतलं. छोटं चार चाकी डिझेल इंजिन सांध्यावर आलं की बंद पडतं, बोटाने ढकललं की पुढे जातं. मित्राने दुसऱ्या कंपनीचा सांधा दिला, त्यावर उलट शॉर्ट होतं. काय करू?

उत्तर : दोन वेगळे आजार आहेत. सांध्यात जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकाला फ्रॉग म्हणतात, आपल्या रेल्वेच्या भाषेत क्रॉसिंग. एका रुळात प्लस, एकात मायनस, आणि फ्रॉगला गाडी कुठे चाललीय त्याप्रमाणे कधी हे कधी ते लागतं. काही सांध्यांमध्ये ही कटकट टाळायला तो तुकडा प्लास्टिकचा किंवा करंट नसलेला ठेवतात. मोठ्या आठ चाकी इंजिनाला त्याचं काही वाटत नाही, पण नॅरोगेजचं इंजिन इवलंसं, चार चाकं, त्यातली दोन त्या मेलेल्या तुकड्यावर गेली आणि उरलेल्या दोनांखाली थोडी धूळ असली की संपलं. म्हणून नॅरोगेजवाल्याने सांधा घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, फ्रॉग जिवंत आहे का.

मित्राने दिलेला बहुतेक जिवंत फ्रॉगचा आहे. त्यात फ्रॉगपासून निघणारे जे दोन रूळ आहेत ते पुढच्या ट्रॅकपासून तोडायला लागतात, रूळ जोडणाऱ्या लोखंडी जॉइनरच्या जागी प्लास्टिकचे जॉइनर घाला, शॉर्ट तिथेच थांबेल. मग फ्रॉगला एक वायर जोडून ती स्विचच्या मधल्या टर्मिनलला न्या आणि कडेच्या दोन टर्मिनलना दोन बाजूचे रूळ. डीपीडीटी स्लाइड स्विच (दोन जोडण्या एकदम बदलणारा) घेतलात तर एकाच दांडीने सांधाही हलतो आणि फ्रॉगचा करंटही बदलतो, आणि लोखंडी दांडी म्हणून सायकलची स्पोक इतकी छान चालते की मी दुसरं काही वापरतच नाही. स्विच आणि वायर पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतील, तुमच्याकडे कुठल्याही रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे मिळेल.

काटोच्या सांध्याबद्दल एवढंच, त्याला खडीचा प्लास्टिक पाया एकत्र ओतलेला असतो त्यामुळे स्लीपर काढून नॅरोगेज करता येत नाही. बोगद्यात, डोंगरामागे जिथे दिसत नाही तिथे वापरा, तिथे तो उत्तम काम देतो.

प्रश्न : परदेशातून सांधा मागवायचा तर कुरियर आणि कस्टम धरून किंमत कुठच्या कुठे जाते. मला सहा लागणार आहेत. घरी बनवता येतो असं तुम्ही मागे ओझरतं लिहिलं होतं. मला सोल्डरिंग येतं, बाकी लेथ वगैरे काही नाही. सविस्तर सांगाल का? (सोलापूर)

उत्तर : सांगतो, आणि मनापासून सांगतो की करून बघाच, कारण विकतचा सांधा एका ठरलेल्या गोलाईचा असतो आणि आपलं यार्ड त्याच्याभोवती वाकवावं लागतं. घरचा सांधा यार्डाला हवा तसा वळतो. लेथ लागत नाही. बारीक कानस, चांगलं सोल्डरिंग आयर्न, व्हर्नियर आणि मल्टीमीटर लागतो.

आधी नकाशा. टेम्प्लॉट नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात कुठल्याही गेजचा कुठल्याही गोलाईचा सांधा काढून प्रिंट घेता येतो, कॅनडाच्या फास्ट ट्रॅक्सकडेही छापायला तयार टेम्प्लेट आहेत. प्रिंट घेताना १०० टक्के साइज ठेवा आणि कागद हातात आला की पहिल्यांदा पट्टी लावून मोजा. माझा पहिला सांधा यातच गेला, दुकानात प्रिंट काढणाऱ्याने कागदात बसवायला ९७ टक्के केलेलं, मी डोळे झाकून त्या रेघांवर रूळ लावत गेलो आणि ९ च्या जागी पावणेनऊहून कमी गेज झाला. दोन रविवार गेले, इंजिन क्रॉसिंगजवळ आलं की चाक वर चढायचं आणि मी चाकालाच दोष देत बसलो होतो.

स्लीपर पीसीबीचे करा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एका बाजूला तांबं असलेली कोरी प्लेट मिळते, तिच्या सव्वादोन-अडीच मिमी रुंद पट्ट्या कापा, एचओच्या अडीच फुटी गेजला साडेसतरा मिमी लांबीचा स्लीपर साधारण पाच फुटांचा होतो. सगळेच पीसीबीचे लागत नाहीत, दर चौथा-पाचवा पुरतो, मधले लाकडाचे. टेम्प्लेटवर डबल साइड टेपने स्लीपर चिकटवा आणि प्रत्येक पीसीबी स्लीपरच्या तांब्यावर मधोमध कानसीने आडवी चीर द्या, नाहीतर दोन्ही रूळ तांब्यातून एकमेकांना भिडतील आणि शॉर्ट. चीर पडली की मल्टीमीटर लावून बघा, पूर्ण तुटलेली दिसते पण तांब्याचा केसाएवढा धागा राहिलेला असतो.

आता क्रॉसिंगचं व्ही, जिथे सगळे घाबरतात. सांध्याला नंबर असतो, ६ नंबर म्हणजे फ्रॉगच्या टोकापासून सहा माप पुढे गेलं की दोन रूळ एक माप लांब होतात, बाकी काही नाही. तेव्हा प्लायवूडच्या तुकड्यावर एक सरळ रेघ मारा ६० मिमीची, तिच्या शेवटी काटकोनात १० मिमी वर एक खूण करा, आणि सुरुवातीचा बिंदू त्या खुणेला जोडा. झाला ६ नंबरचा कोन. त्या दोन रेघांवर दोन बारीक लाकडी पट्ट्या ठोका आणि त्यांच्यामध्ये रुळाचे दोन तुकडे टोकाला टोक मिळवून बसवा. त्याआधी दोन्हींची टोकं एका बाजूने तिरकी घासायची, रुळाची मधली उभी पाटी उघडी पडेपर्यंत, म्हणजे दोघं एकत्र आले की सुईसारखं टोक होतं. फ्लक्स लावा, डाग द्या, थंड होऊ द्या. टोक फार धारदार ठेवू नका, कानसीचे एक-दोन हात मारून अगदी किंचित बोथट करा. लहान डिझेल किंवा चार चाकी इंजिनांना ४-५ नंबर चालेल, पण बार्शीच्या त्या किट्सन कंपनीच्या ए क्लास इंजिनासारखी आठ जोडलेली चाकं असतील तर ६ च्या खाली येऊ नका.

मग बाहेरचे दोन स्टॉक रेल, मग व्ही, मग त्याच्या दोन्ही बाजूंचे विंग रेल, मग टंग रेल म्हणजे हलणाऱ्या जिभा. जीभ घासायला वेळ लागतो, घाई केली की रूळ वाकतो, लाकडाच्या ठोकळ्यावर आडवा धरून एकाच दिशेने कानस फिरवा. जिभेचं टोक स्टॉक रेलला इतकं चिकटलं पाहिजे की नखाने घासलं तर नख अडकता कामा नये. दोन्ही जिभा पीसीबीच्याच एका पट्टीवर डाग देऊन जोडा, तीही मधोमध चिरलेली, आणि जीभ ज्या स्टॉक रेलच्या शेजारी आहे त्याच्याशी तारेने कायमची जोडून टाका. नुसत्या स्पर्शावर करंट सोडला तर महिन्याभरात काळवंडून बंद पडतो.

शेवटी चेक रेल, क्रॉसिंगच्या समोरचा तो छोटा तुकडा. लोक त्याला शोभेचा समजतात, पण गाडी सांध्यावरून पडते त्यात निम्म्या वेळा हाच सैल बसलेला असतो. तो चाकाला पाठीमागून ओढून धरतो म्हणून पलीकडचं चाक व्हीच्या टोकावर आपटत नाही. ९ मिमी गेजच्या चाकांच्या पाठीपाठीतलं अंतर साडेसात मिमीच्या आसपास असतं, दोन्ही बाजूच्या फटी पाऊण मिमीहून जराशा जास्त ठेवल्या की चाक अडकत नाही आणि भरकटतही नाही. माप कुठून आणायचं? जुनं एटीएम कार्ड पाऊण मिमी जाड असतं. ते आणि त्यावर वहीचा एक कागद, हे दोन्ही एकत्र रूळ आणि चेक रेलमध्ये धरा आणि डाग द्या. शक्य असेल तर अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेचा माप तपासायचा स्टीलचा गेज एकदाचा विकत घ्या, आयुष्यभर पुरतो.

सगळं झालं की साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासून धुवा, फ्लक्स राहिला तर रूळ हिरवे पडतात. पहिल्या सांध्याला तीन-चार संध्याकाळी जातील, सहावा एका संध्याकाळी होईल.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो, मी आणि मुलगी मिळून कोलोरॅडोची तीन फुटी लाइन करतोय, एचओएन-थ्रीमध्ये. इथे रेडीमेड मिळतात पण प्रकार कमी. फास्ट ट्रॅक्सचा जिग घ्यावा का? आणि ते जुने बिनजिभेचे सांधे खरंच चालतात का?

उत्तर : तीन फूट म्हणजे ९१४ मिमी, ८७ ने भागून साडेदहा मिमी, तुमचा गेज बार्शीवाल्यांपेक्षा वेगळा, त्यामुळे एनचा सांधा तुम्हाला उपयोगी नाही. मायक्रो इंजिनिअरिंगचे एचओएन-थ्रीचे ६ नंबरचे सांधे दिसायला फार सुंदर आहेत, नाजूक मात्र आहेत, मुलीला बसवताना हात हलका ठेवायला सांगा. जिगचं (रूळ अचूक बसवायच्या तयार साच्याचं) म्हणाल तर एक जिग एका गेजचा, एका नंबरचा आणि ठरलेल्या उंचीच्या रुळासाठी असतो. आठ-दहा एकसारखे बनवायचे असतील तर घ्याच, डोळे मिटून अचूक येतात, पण दोन-तीनच लागत असतील तर कागदी टेम्प्लेटवर करा.

बिनजिभेचा सांधा म्हणजे स्टब स्विच. त्यात टंग रेल नसतातच, येणारे दोन्ही रूळच डावी-उजवीकडे सरकतात आणि समोरच्या दोन मार्गांपैकी एकाच्या टोकाला टोक मिळवतात. डेन्व्हर अँड रिओ ग्रांदची लाइन १८७१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला पोचली, तिथल्या सुरुवातीच्या नॅरोगेज यार्डांत हेच असायचे, आणि रिओ ग्रांद सदर्नवर तर फार नंतरपर्यंत टिकले. बनवायला सगळ्यात सोपे, कारण जीभ घासायचं कामच नाही, मुलीबरोबर पहिला सांधा करायचा तर मी हाच सांगेन. तीन वाटांचाही करता येतो आणि तो बघायला इतका देखणा की पाहुणे आधी त्याच्यापाशीच थांबतात. दोन गोष्टी सांभाळा. सरकणाऱ्या रुळाच्या टोकाशी अर्धा मिमी फट ठेवा, हिवाळ्यात हीटर लावलेल्या खोलीत रूळ वाढतो आणि टोकं एकमेकांत रुततात. आणि सांधा चुकीच्या बाजूला असताना क्रॉसिंगकडून गाडी आली तर ती पडणारच, जिभेच्या सांध्यात ती कधीकधी जीभ ढकलून निभावून जाते तसं इथे होत नाही, तेव्हा दांडीला लाल-पांढरी खूण लावा म्हणजे लांबून कळेल.

प्रश्न : काका, मी सातवीत आहे, कर्जतला राहतो. मला माथेरानची मिनी ट्रेन बनवायचीय. बाबांनी जुन्या सेटमधले एचओचे रूळ आणि दोन सांधे दिलेत. स्लीपर खूप छोटे आणि जवळजवळ दिसतात. आइस्क्रीमच्या काड्या वापरू का?

उत्तर : बाळा, नक्की वापर. माथेरानची गाडी दोन फुटी, ६१० मिमी, आणि तुझा रूळ साडेसोळा मिमी. तू जर गाडी ७ मिमीला एक फूट या मापाने बनवलीस तर दोन फुटाचे १४ मिमी होतात, रूळ थोडा रुंद पडेल पण बघणाऱ्याला कळणार नाही, इंग्लंडमध्ये खूप लोक असंच करतात. १९०७ मध्ये सुरू झालेली ती लाइन तुझ्या घराजवळच आहे, तेव्हा स्लीपर किती अंतरावर आहेत ते नेरळ स्टेशनच्या फलाटावर उभं राहूनच बघ, रुळावर उतरायचं नाही.

काडी १० मिमी रुंद असते, ती तुझ्या मापात दीड फूट होईल, फार जाड दिसेल. म्हणून बाबांना सांगून ती लांबीत मधोमध चिरून घे, ५ मिमीची पट्टी झाली की बरोबर स्लीपरसारखी दिसते. गोल टोकं कापून टाक आणि एका पट्टीचे ३२ मिमीचे तीन तुकडे कर, म्हणजे एका काडीत सहा स्लीपर. चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवून वाळव, छान जुना रंग येतो. सरळ रुळाला हे सोपं आहे, प्लास्टिकच्या पट्टीतून रूळ ओढून काढायचे आणि काड्यांवर फेविक्विकने चिकटवायचे, तेही बाबा शेजारी असतानाच. दर चार काड्यांनी एकदा एखाद्या डब्याची चाकं रुळावर ठेवून बघ, घट्ट किंवा सैल वाटली तर पुढे जायच्या आधी तिथलं सरळ करून घे.

सांध्याचे रूळ मात्र काढू नकोस. तो आहे तसा ठेव आणि काडीचे छोटे तुकडे कापून त्याच्या प्लास्टिक स्लीपरच्या टोकांना बाहेरून जोड, एक सोडून एक, म्हणजे स्लीपर लांब आणि दूरदूर वाटतील. उरलेले माती टाकून झाक. हलणाऱ्या पट्टीच्या आसपास माती आणि फेविकॉल अजिबात जाऊ देऊ नकोस, तिथे आधी तेलाचा एक थेंब सोड आणि वरून सेलोटेप लाव, सगळं सुकलं की टेप काढ. तुझे दोन सांधे एक डावा आणि एक उजवा असतील तर जुम्मापट्टीसारखं स्टेशन कर, एक गाडी बाजूच्या रुळावर थांबेल आणि दुसरी पुढे जाईल. दोन्ही एकाच बाजूचे निघाले तर मला कळव, त्यातूनही स्टेशन होतं, फक्त एका टोकाला बाजूचा रूळ बंद ठेवायचा आणि तिथे मालाचा डबा उभा करायचा.